फटफटीचा जीर्णोद्धार

जोयडा तालुक्यातील गुंद हे गाव काळी नदीच्या खोऱ्यात, दाट रानाच्या कुशीत वसलेले आहे. दांडेलीकडून तिकडे जाणारी वाट वळणांची, सावलीची आणि पावसाळ्यात निसरडी. अशा रानवाटांनी अलीकडे जे मोटरसायकलस्वार हिंडतात, त्यांत पन्नाशी ओलांडलेले गृहस्थही आढळतात. कचेरी, बाजार आणि मुलांची शाळा ह्यांसाठी आयुष्यभर स्कूटर वापरलेल्या ह्या मंडळींनी उतारवयात गोल दिव्याची, संथ ठोक्यांची, जुन्या इंग्रजी घाटाची गाडी घेतलेली असते. घरची माणसे ह्यास म्हातारचळ म्हणून हसतात. परंतु ह्या हौसेमागे एका यंत्राचा विलक्षण प्रवास आहे. तो ध्यानी घेतल्यावाचून ही हौस नीट समजावयाची नाही.

इंग्लंडातील रेडिच हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध होते. सुयांच्या धंद्यातून सायकली आणि सायकलींतून १९०१ साली मोटरसायकल, अशा क्रमाने तेथे 'रॉयल एनफील्ड' हे नाव उदयास आले. एनफील्ड येथील सरकारी बंदुकांच्या कारखान्यास सुटे भाग पुरविल्यामुळे कंपनीस ते लाभले होते. बंदुकीमागून गोळी यावी, तसे १९३२ च्या सुमारास तिच्या एका गाडीस 'बुलेट' हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर मागील चाकासही स्प्रिंगांचा आधार असलेली ३५० सी.सी.ची बुलेट निघाली, आणि खाचखळग्यांच्या रस्त्यांस योग्य असे वाहन तयार झाले.

स्वतंत्र भारताच्या सैन्यास सीमेवरील गस्तीसाठी असेच वाहन हवे होते. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ८०० बुलेट गाड्यांची मागणी नोंदविली गेली, आणि १९५५ साली मद्रास मोटर्स व इंग्लिश कंपनी ह्यांनी मिळून 'एनफील्ड इंडिया' स्थापिली. दांडेलीच्या वेस्ट कोस्ट पेपर मिल्सची स्थापनाही त्याच सालची. नवे राष्ट्र आपल्या गरजेच्या वस्तू आपणच करू पाहत होते. मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे आरंभी इंग्लंडहून आलेले भाग जोडले जात. १९५७ साली साचे व हत्यारे विकत घेण्यात आली, आणि १९६२ पर्यंत सर्व भाग येथेच होऊ लागले.

तिकडे जन्मभूमीत मात्र दिवस फिरले. १९६९ साली होंडाची चार सिलिंडरांची ७५० सी.सी.ची गाडी बाजारात आली आणि तेल गळणाऱ्या इंग्रजी गाड्या जुनाट ठरल्या. रॉयल एनफील्डचे इंग्लंडातील कारखाने १९७० च्या सुमारास बंद पडले, पाठोपाठ बी.एस.ए. गेली, १९८३ साली ट्रायम्फचा मेरिडन येथील कारखानाही थांबला. परवाना-पद्धतीच्या आडोशाला मद्रासची बुलेट तेवढी जवळजवळ आहे तशीच चालत राहिली. सैन्य आणि पोलीस हे तिचे खात्रीचे गिऱ्हाईक होते. नवे रूप देण्याची निकड कोणास वाटली नाही. ह्या स्थितिशीलतेला पुष्कळ नावे ठेवता येतील, पण तिच्यामुळेच एक घडण जिवंत राहिली. १९७७ साली तर ही गाडी मद्रासहून इंग्लंडात जाऊ लागली!

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. जुन्या घाटाची गाडी उतारवयात घेणारा इंग्रज बहुधा आपल्या तारुण्याकडे परत जात असतो. आपल्याकडील मध्यमवर्गीय गृहस्थास परत जाण्यासारखे तेथे काही नव्हतेच. बुलेट ही फौजदाराची, ठेकेदाराची किंवा जमीनदाराची. सामान्य नोकरदार बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाही. १९८५ नंतर हीरो होंडाची कमी पेट्रोलवर धावणारी गाडी आली, तेव्हा त्याने ती घेतली. फटफटीचा ठोका त्याने रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकला होता. म्हणून साठीला टेकल्यावर तो ती घेतो, ते परतणे नव्हे. ते उशिरा पोहोचणे होय.

हा योग नव्या शतकाने जुळवून आणला. ट्रायम्फने १९५९ सालच्या बॉनव्हिलचे नाव व रूप २००१ साली पुन्हा आणले. आयशर समूहाच्या हाती गेलेल्या रॉयल एनफील्डने २००९ साली भारतात 'क्लासिक' काढली. २०२३ पासून पुण्याजवळ चाकण येथे बजाजच्या कारखान्यात ट्रायम्फची ४०० सी.सी.ची गाडी तयार होऊ लागली, तर महिंद्र समूहाच्या क्लासिक लेजंड्सने बी.एस.ए.ची 'गोल्ड स्टार' १५ ऑगस्ट २०२४ रोजी भारतीय बाजारात आणली. ज्यांच्या गाड्यांकडे आपण दुरून पाहत होतो, त्यांची नावे आपल्या कारखान्यांनी सांभाळावी, हे कालचक्र खरेच!

तथापि जीर्णोद्धारात जुने किती राहिले, हेही पाहिले पाहिजे. जुनी बुलेट चालू करणे हा एक विधीच होता. अँपिअरमापकाचा काटा मध्यावर आणावयाचा, लहान खटका दाबून सिलिंडरातील दाब सोडावयाचा, मग सर्व भार टाकून किक मारावयाची. चुकल्यास उलटा दणका पायास बसे. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. आता गिअर डावीकडे आला, किक गेली, बटण आले. २०१९ पासून १२५ सी.सी.वरील गाड्यांस ए.बी.एस. सक्तीचे झाले. केवळ ठोका ऐकून दोष सांगणारा मिस्त्री मात्र दुर्मिळ होत चालला आहे. रूप राहिले, कष्ट गेले, आणि कष्टांबरोबर काही विद्याही गेली.

ह्याचे दुःख किती करावे? गुडघे दुखू लागलेल्या माणसास तो जुना विधी झेपला नसता. नव्या सोयींमुळेच त्याची लांबलेली इच्छा पुरी होते. मात्र गाडीचे वजन आजही दोनशे किलोंच्या घरात आहे, आणि निसरड्या उतारावर ती वय विचारीत नाही. शिरस्त्राण घालून, सावकाश, दिवसाउजेडी निघावे. ह्या यंत्राची घडण मुळी घाईसाठी नाही. आणि गुंदच्या रानातून जाणाऱ्यास घाई हवी तरी कशाला?