कणगीतल्या पाल्याची कुळकथा

भीमा आणि नीरा यांच्या बेचक्यात पसरलेल्या इंदापूर तालुक्याचे नाव इंग्रजी अमदानीच्या दप्तरात ठळक झाले, ते गोल्डस्मिड आणि विंगेट या अंमलदारांनी जमिनीची मोजणी व प्रतवारी करून तीस वर्षांच्या साराबंदीचा प्रयोग १८३६ साली याच तालुक्यापासून सुरू केला म्हणून. बारामतीच्या बाजूचे सणसर हे गाव याच तालुक्यातले. पाऊस बेभरवशाचा आणि मुख्य आधार रब्बीच्या ज्वारीचा. एका सुगीचा शाळू पुढच्या अवर्षणातही पुरवावयाचा, अशा या मुलखात धान्य राखणे ही पिकविण्याच्या तोडीची विद्या होती.

तिची साधने दोन : भांडे आणि पाला. जमिनीखालचे पेव, भिंतीतले बळद आणि तुराट्यांची किंवा निरगुडीच्या फोकांची विणून शेणमातीने आतबाहेर लिंपलेली कणगी ही भांडी. आणि सावलीत वाळविलेला कडुलिंबाचा पाला, निरगुडीचा पाला, क्वचित वेखंडाचे तुकडे, हे त्यांतले औषध. जिच्या फोकांची कणगी तिचाच पाला धान्यात, ही निरगुडीची दुहेरी चाकरी मला या सबंध प्रथेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. उन्हे कडक असतानाच खडखडीत वाळलेला दाणा पाल्याच्या थरांसह भरावयाचा आणि तोंडावर झाकण ठेवून तेही लिंपून टाकावयाचे, असा शिरस्ता होता.

या लिंपण्यातच प्रथेचे मर्म आहे. कडुलिंबाचे सामर्थ्य त्याच्या कडूपणात असते. ज्या पाल्याला किंवा दाण्याला तो कडूपणा लागला त्यालाच कीटक तोंड लावीत नाही. निरगुडी आणि वेखंड यांचे तसे नाही. त्यांतील सुगंधी तेल हवेत उडून जाणारे, आणि त्याची वाफच कीटकाच्या श्वासरंध्रांतून आत शिरून त्याच्या मज्जातंतूंचा व्यवहार बिघडविते. वाफ कोंडली तर परिणाम, उघडी राहिली तर केवळ वास! त्यातही टोका नावाचा सोंडेचा किडा दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो आणि वरून चिकट स्रावाने ते भोक बुजवितो. दाण्याच्या पोटातील ती अळी वाफेच्या माऱ्यातून बरीचशी बचावते. म्हणून भरण्यापूर्वीचे उन्ह आणि भरल्यानंतरचे लिंपण यांच्यावाचून पाला एकटा फारसे काही करू शकत नाही, आणि आज पोत्यात चार डहाळ्या टाकून ‘जुने उपाय निरुपयोगी’ असा निवाडा देणाऱ्यांनी त्या उपायांवर अन्यायच केला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा या भागात आला, मागाहून ऊस आला, आणि सणसरालगत भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. बागायतीने समृद्धी दिली, यात शंका नाही. परंतु शाळवाचे रान उसाखाली गेले, घरचा गल्ला बाजारच्या पोत्यांतून येऊ लागला, आणि त्या पोत्याबरोबर फॉस्फीन वायू सोडणाऱ्या गोळ्या आल्या. या गोळ्या बंद खोलीत माणसाचाही जीव घेतात. कीटक मात्र त्यांना सरावत चालले. तशी पहिली ठळक नोंद जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. धुरीचे दुसरे द्रव्य, मिथाइल ब्रोमाइड, ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रिअल कराराने बहुतेक वापरांतून हद्दपार केले. तेव्हा प्रयोगशाळा पुन्हा सुगंधी तेलांकडे वळल्या. आपल्याकडचे रोशा गवत, ज्याचे तेल खानदेशात काढले जाई आणि मुंबईमार्गे परदेशी अत्तरांत मिसळले जाई, त्याचे धान्यकिडींवरील गुण बनारसच्या संशोधकांनी २००७ साली मांडले. तेल चटकन उडू नये म्हणून ते सूक्ष्म वेष्टनांत कोंडून सावकाश सोडण्याची खटपटही आता चालू आहे.

वेखंडाविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. त्यातील बीटा-ॲसरोन हे द्रव्य कीटकांना वंध्य करते, हे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सक्सेना, कौल, टिक्कू आणि अटल यांनी १९७७ साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखविले. परंतु त्याआधीच, १९६८ साली, उंदरांवरील प्रयोगांत वेखंडाच्या तेलाने अर्बुदे झाल्यावरून अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास मनाई केली होती. बियाण्याची ज्वारी राखावयाची असेल तर वेखंड जरूर घालावे; ज्या कणगीतून भाकरीसाठी दाणे काढावयाचे, तिच्यात कडुलिंब आणि निरगुडी यांवरच भिस्त ठेवावी, आणि दळण्यापूर्वी दाणे पाखडून पाल्याचा चुरा काढून टाकावा.