आकाशांतील चाक

पाण्यानें भरलेली बादली हातांत धरून गरगर फिरविली, तर ती उलटी होऊनहि पाणी सांडत नाहीं, हा खेळ आमच्या वऱ्हाडांत, मोझरीकडील विहिरींवर काय किंवा अकोल्याकडील, पोरांस नवा नाहीं. अंतराळांत घर बांधण्याची पहिली तपशीलवार योजना याच तत्त्वावर उभी होती, हें ऐकून वाचकांस कदाचित् नवल वाटेल.

कल्पना त्याहूनहि जुनी. १८६९ सालीं एडवर्ड एव्हरेट हेल या अमेरिकन लेखकानें एका कथेंत २०० फूट व्यासाचा विटांचा चंद्र आकाशांत धाडला. खलाशांस रेखांश कळावा, एवढाच त्याचा हेतु. माणसें त्यांतून वर गेलीं तीं केवळ अपघातानें!

तेथें मनुष्यानें बुद्ध्या राहावयाचें तर कसें, हा प्रश्न ऑस्ट्रियन सैन्यांतील कप्तान हेर्मान पोटोच्निक यानें हातीं घेतला. क्षयामुळें त्याची नोकरी सुटली होती. 'नोर्डुंग' या टोपणनांवानें लिहिलेला त्याचा ग्रंथ १९२८ च्या अखेरीस बर्लिनमध्यें निघाला, आणि पुढच्याच ऑगस्टांत, अवघा ३६ वर्षांचा असतां, तो वारला. त्याचें निवासचक्र ३० मीटर व्यासाचें व ८ सेकंदांत एक फेरा घेणारें होतें. बादलींतील पाण्याप्रमाणें आंतील माणसें कडेकडे रेटलीं जावींत व त्यांस पृथ्वीवरील वजनाचा भास व्हावा, ही युक्ति. वजन नाहींसें झाल्यास पाणी प्यावें कसें, अंग धुवावें कसें, येथपर्यंत त्यानें विचार केला आहे. मरणाच्या दारीं उभ्या असलेल्या मनुष्याची ही घरगुती काळजी आम्हांस त्याच्या गणिताहूनहि अधिक हृद्य वाटते.

१९५२ सालीं वेर्नहर फॉन ब्राउन यानें 'कॉलिअर्स' साप्ताहिकांत तेंच चाक २५० फुटांचें करून अमेरिकेंत घरोघर पोंचविलें. त्या चाकावरून पृथ्वीवर लष्करी पाळत ठेवण्याचाहि त्याचा विचार होता, हें मात्र त्याच्या भक्तांनीं विसरूं नये.

प्रत्यक्षांत चाक फिरलेंच नाहीं. १९७१ चें रशियन 'सॅल्यूत' आणि १९७३ चें अमेरिकन 'स्कायलॅब' हीं दोन्हीं लांबट नळकांडीं होतीं. स्कायलॅब तर अग्निबाणाच्या टाकीचेंच केलेलें घर. अग्निबाणाच्या माथ्यावर मावेल तेंच वर न्यावयाचें, हें एक कारण. दुसरें अधिक मार्मिक: शास्त्रज्ञांस तेथें वजन नकोच होतें. नोर्डुंग जी आपत्ति टाळूं पाहत होता, तीच प्रयोगाची सामग्री ठरली. १९८४ सालीं राकेश शर्मा 'सॅल्यूत ७' वर आठवडाभर राहिले, तेव्हां योगासनें वजनहीन शरीरास कितपत उपकारक होतात, हें त्यांनीं तेथेंच पडताळून पाहिलें.

परंतु महिनोन्महिने तसें राहणाऱ्यांचीं हाडें झिजतात, स्नायु दुबळे होतात. म्हणून त्यांस रोज दोनेक तास व्यायाम करावा लागतो. मंगळाच्या लांबलचक प्रवासाचा हिशेब मांडणारे कांहीं अभियंते सध्यां पुन्हां फिरत्या घराचीं गणितें करीत आहेत.