टोमॅटोची काठी आणि द्राक्षाचा मांडव

टोमॅटोला काठी लागते हे आपण इतकं गृहीत धरलं आहे, की काठी त्या झाडाचाच एक अवयव वाटावी. झाडाच्या बाजूने पाहिलं तर तसं काही नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या पश्चिम उतारांवर टोमॅटोचे रानटी भाऊबंद आजही जमिनीवर, दगडगोट्यांवर, शेजारच्या झुडपांवर पसरत वाढतात. फांदी ओल्या मातीला टेकली की तिथेच तिला मुळं फुटतात. म्हणजे आडवं होणं हा त्या झाडाचा दोष नाही, ती त्याची जगण्याची रीत आहे. काकडीसारखे ताणे त्याला नाहीत, वालासारखा पीळ घालून वर चढणं त्याला जमत नाही, नागवेलीसारखी खोडाला चिकटणारी मुळंही नाहीत. उभं राहावं ही इच्छा त्याची नव्हे, आपली. त्यामुळे ‘टोमॅटोसाठी मजबूत आधार कोणता?’ या प्रश्नाचं उत्तर केवळ काठीच्या जाडीत सापडत नाही. झाड कोणी, कशासाठी आणि कोणाच्या मजुरीवर उभं केलं, हे आधी पाहावं लागतं. तो इतिहास पाहिला की वाटतं, आपल्या परसबागेने आणि गच्चीने शेतातली काठी डोळे मिटून उचलली. खरं तर उचलायला हवा होता मांडव.

टोमॅटोची लागवड मेक्सिकोत रुजली. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक तिथे पोचले तेव्हा बाजारात तऱ्हेतऱ्हेचे टोमॅटो विकले जात होते. युरोपात १५४४ साली इटालियन वैद्य मात्तिओली याने या फळाची नोंद केली. त्यानंतरही बराच काळ ते तिथे ताटापेक्षा बागेतच जास्त होतं. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हाळ्यात झाड जमिनीवर लोळलं तरी फारसं बिघडत नसे. अडचण आली ती उत्तरेकडे. इंग्लंडात ऊन कमी आणि उन्हाळा तोकडा, म्हणून माळी टोमॅटो दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून वाढवत. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देई. आधार हा तिचा दुसरा उपयोग. अमेरिकेत १८६३ साली निघालेल्या फिअरिंग बर यांच्या भाज्यांवरच्या ग्रंथात झाडाभोवती कडी उभारण्याची आणि लाकडी चौकटीवर झाड पसरवण्याची पद्धत दिली आहे. त्याच ग्रंथात फ्रान्समधल्या लाय इथल्या एका वाड्याच्या माळ्याने काढलेल्या जातीचंही वर्णन आहे. ताठ, जाड बुंध्याची ती जात झाडासारखी आपल्या पायावर उभी राही. काठीच नको, इतका साधा उपाय हाताशी असूनही ती जात कधी मुख्य पीक झाली नाही. लोकांना उभं झाड हवं होतं असं नव्हे. त्यांना लवकर, मोठं आणि स्वच्छ फळ हवं होतं.

याचा आणखी पक्का पुरावा विसाव्या शतकात मिळतो. १९१४ साली फ्लोरिडात एक असं झाड आढळलं, ज्याची वाढ काही घोस लागल्यावर आपोआप थांबत होती. सर्वसाधारण उंच टोमॅटो दर तीन पानांआड एक घोस देत वाढतच राहतो. या नव्या झाडात घोसांमधली पानं कमी होत जाऊन शेंडाच संपत असे. बुटक्या, झुडपी जातींचं मूळ या एका फरकात आहे. पुढे कॅलिफोर्नियात जॅक हॅना यांनी एकदम पिकणाऱ्या आणि यंत्राचा मार सोसणाऱ्या जाती तयार केल्या. १९६४ मध्ये मेक्सिकन मजुरांना आणण्याचा सरकारी करार संपला आणि थोड्याच वर्षांत कारखान्यासाठीचा टोमॅटो जवळजवळ पूर्णपणे यंत्राने काढला जाऊ लागला. त्या शेतांत काठी नव्हती, आजही नाही. तेच फळ, पण मजूर महाग झाल्यावर झाड जमिनीवर आणि ताज्या फळाला भाव मिळाला की काठीवर. जमिनीवर मोकळं सोडलेलं झाड एकूण वजनात फुटवे काढलेल्या, काठीला बांधलेल्या झाडापेक्षा बहुधा जास्तच फळं देतं. बांधलेलं झाड लवकर येतं आणि फळ मातीला लागत नाही. आधार म्हणजे उत्पन्न हे समीकरण म्हणूनच तपासून घेतलेलं बरं.

आपल्याकडे टोमॅटो उशिरा रुळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज वॅट यांनी हिंदुस्थानातल्या उपयुक्त वस्तूंचा कोश रचला, तेव्हाही हे फळ मुख्यतः गोऱ्या लोकांसाठी पिकवलं जात होतं; एतद्देशीयांना त्याची चव नुकती कळू लागली होती. स्वातंत्र्यानंतर पुसा रूबीसारख्या जाती आल्या. हिवाळ्यात, कोरड्या मातीत, काठीविना पीक घेता येई. चित्र बदललं ते संकरित बियाण्याने. १९७३ साली बंगळुरूच्या इंडो-अमेरिकन कंपनीने ‘कर्नाटक’ नावाचा संकरित टोमॅटो आणला आणि मग अशा वाणांची रीघ लागली. झाड उंच, तोडे लांबलेले, फळांचं ओझं जड. त्यात जुन्नर, संगमनेर, नाशिक पट्ट्यातल्या शेतकऱ्याने पावसाळी टोमॅटो धरला, कारण इतरत्र माल कमी असताना नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांत त्याला भाव मिळतो. पावसाळ्यात जमिनीला टेकलेलं फळ सडतं आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडून करपा वर चढतो. या पट्ट्यातली तार-बांबूची बांधणी ही त्या पावसाची आणि त्या भावाची देणगी आहे. ओळीत ठरावीक अंतरावर बांबू, त्यांवरून आडव्या तारा, मध्ये काठ्या, आणि झाड वाढेल तशी सुतळीने एकावर एक बांधणी. यात महाग पडते ती बांधणाऱ्या हातांची मजुरी. बांबू पुढच्या हंगामालाही चालतो, मजुरी मात्र दर वेळी नवी.

बांबूच्या मजबुतीबद्दल सरसकट बोलणं चुकीचं आहे. सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव, सरळ आणि बिनकाट्याचा; कळक मोठा पण पोकळ आणि काटेरी. कोवळा बांबू कापला तर त्यातल्या पिष्टावर भुंगेरे तुटून पडतात आणि काठीचं पीठ होतं. म्हणून पक्का बांबू कापून तो वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. पिष्ट निघून गेलं की किडीला खायला उरत नाही. बांबू स्वस्त असावा अशी आपली समजूत, पण त्याची किंमत अनेक वर्षं जंगलखात्याच्या कायद्याने ठरवली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ या व्याख्येत होता. स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून बाजारात न्यायचा तरी वाहतूक परवान्याची कटकट मागे लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरवला, आणि एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला आपल्या जंगलातल्या बांबूसाठी स्वतः परवाने देण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला. जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघायला २०१७ उजाडलं. गवताला झाड ठरवणाऱ्या कायद्यावर हसू येतं खरं, पण टोमॅटोची काठी ज्यांच्या जंगलातून येते त्या लोकांना तो विनोद नव्हता.

महाराष्ट्रात आधाराची दुसरी आणि जुनी परंपरा मात्र काठीची नव्हे. मिरज भागातल्या पानमळ्यांत नागवेल चढते ती शेवरी, पांगारा, शेवगा यांसारख्या जिवंत झाडांवर. त्यांची मुळं जमीन धरून ठेवतात, पानं हवी तेवढी सावली देतात, आणि वेल वर्षानुवर्षं तिथेच राहते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत द्राक्षाच्या वेली पांगाऱ्याच्या खांबांवर चढवत असल्याची वर्णनं आहेत. पुढे नाशिक जिल्ह्यात बिनबियांची द्राक्षं आली, खांबांची जागा लोखंड आणि तारेच्या मांडवाने घेतली, आणि माणूस ज्याखालून चालतो असा हिरवा माळा तयार झाला. घराच्या परसात दोडका-कारल्याचा मांडव तर पूर्वीपासून होताच. टोमॅटोच्या वाट्याला यातलं फक्त तारेचं वेटोळं आलं. द्राक्षबागेच्या शेजारचं शेत टोमॅटोचं असेल तर तार ताणण्याची रीत एका बांधावरून दुसऱ्या बांधावर गेली, असं म्हणायला हरकत नाही. मांडव गेला नाही, याचं कारण सरळ आहे. द्राक्षाची वेल १० ते १५ वर्षं जागा अडवते, टोमॅटो चार-पाच महिने. भाड्याच्या किंवा फेरपालटाच्या जमिनीवर चार महिन्यांच्या पिकासाठी कोणी लोखंड गाडत नाही. शेतकऱ्याचा हिशोब बरोबर आहे. चूक होते ती तोच हिशोब गच्चीवर नेल्याने.

गच्चीवर किंवा परसात परिस्थिती नेमकी उलटी असते. जागा ठरलेली, झाडं मोजकी, माती कुंडीतली आणि मजुरी आपलीच. कुंडीत रोवलेली दोन मीटरची काठी जेमतेम फूटभर मातीत उभी असते. फळांनी लदलेल्या, पावसाने भिजलेल्या झाडाला वारा ढकलतो तेव्हा काठी कुंडीसकट कलते. तिथे काठीची जाडी निरुपयोगी ठरते. जमिनीत खोल रोवली तरी वाकण्याचा प्रश्न राहतोच. भरीव काठीची जाडी दुप्पट केली तर ती वाकायला सोळा पट जास्त जोर लागतो, म्हणून बोटभर कामट्यांचा जुडगा एका चांगल्या माणग्याची बरोबरी करत नाही. पण मुळात वाकण्याशी झुंजायचंच कशाला? वरून सोडलेल्या दोरीवर पडतो तो ताण, वाक नव्हे. पेनाच्या रिफिलपेक्षा बारीक नायलॉनची दोरी डोक्यावरच्या पक्क्या आडव्या नळीला बांधली तर ती पाच-सात किलोंचं झाड सहज पेलते. नेदरलँड्समधल्या काचघरांत हेच केलं जातं. वरच्या तारेवरून दोरी सोडायची, खोड तिला गुंडाळत न्यायचं, शेंडा वर पोचला की दोरी सैल करून खोड खाली बाजूला निजवायचं. तिथे एका हंगामात खोडाची लांबी १० मीटरच्या वर जाते. हा मांडवाचाच विचार आहे. नाशिकच्या द्राक्षबागेला तो नवा नाही, आणि मुंबई-पुण्याच्या सदनिकेत गॅलरीच्या जाळीने तो आयता करून ठेवला आहे.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला फेरपालटाचा. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एकाच कुळातली. त्याच मातीत ती पुन्हा पुन्हा लावली तर मर आणि सूत्रकृमी वाढतात. कायमचा मांडव माणसाला त्याच जागेत अडकवतो. पण मांडव टोमॅटोचाच असावा असं कुठे आहे? पुढच्या हंगामात त्याच दोऱ्यांवर वाल, कारली, दोडका चढू शकतात, आणि कुंडी असेल तर माती बदलता येते. उलट काठीवाल्या बागेत दर वेळी नवी काठी रोवताना मुळं तुटतात. दुसरा आक्षेप फुटव्यांचा. एका दोरीवर एकच खोड ठेवायचं तर पानाच्या बगलेतले फुटवे आठवड्याला काढावे लागतात, आणि फळांची संख्या घटते. हे खरं आहे. तोटा नको असेल तर एका झाडाला दोन दोऱ्या देऊन पहिल्या घोसाखालचा फुटवा दुसरं खोड म्हणून वाढवावा. तिसरा आक्षेप असा, की एवढी उठाठेव कशाला, बुटकी जात लावावी. ज्याला एकदाच भरपूर फळ काढून चटणी-सॉस करायचं आहे त्याला हे उत्तम. रोजच्या आमटी-कोशिंबिरीला दोन-चार फळं हवी असतील तर एकदम पिकून थांबणारं झाड गैरसोयीचं, आणि उंच वाणांमधल्या चेरी टोमॅटोसारखी लांबलेली तोडणी त्यात नाही.

बाजारात मिळणारे तारेचे शंकूसारखे पिंजरे मात्र या सगळ्यात सर्वांत कमी उपयोगाचे. वर रुंद, खाली अरुंद, म्हणून वजन जितकं वर जाईल तितके ते डळमळतात. बुटक्या जातीला ते पुरतात. अमेरिकन बागायतदारांनी त्यांना कंटाळून काँक्रीटमध्ये घालायची लोखंडी जाळी गोल वळवून पिंजरे केले. तिची घरं सहा इंचांची असल्याने हात आत घालून फळ तोडता येतं. ज्यांना डोक्यावर काहीच बांधायची सोय नाही, भाड्याचं घर आहे, भोक पाडायची परवानगी नाही, त्यांनी हा पिंजरा करावा. मोठी जड कुंडी घ्यावी आणि पिंजरा कठड्याला दोन ठिकाणी बांधावा. सुतळी वापरायचीच असेल तर पावसाळ्यात ती एकदा बदलावी लागेल, कारण ओला राहिलेला ताग झाडाआधी कुजतो. खोडाभोवती गाठ घालताना बोट आत जाईल एवढी मोकळीक ठेवावी. खोड पुढे जाड होतं.