धूर म्हणजे न जळलेलं लाकूड: युरोपातल्या घरगुती भट्टीची अडीचशे वर्षं

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय आहे घर उबदार ठेवणं. आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे डिसेंबरातले पंधरा दिवस सोडले तर ही अडचण येतेच कुठे? बरोबर आहे. पण उत्तर युरोपात वर्षातले सहा-सात महिने घर तापवावं लागतं, आणि शतकानुशतकं ते लाकडावर तापवलं गेलं. त्यात लाकूड वाचवायचं कसं आणि धूर टाळायचा कसा, या दोन प्रश्नांवर फार हुशार माणसांनी डोकं चालवलं. त्यातली दोन उत्तरं मला विशेष आवडतात. ती एकाच अडचणीवरची आहेत, पण एकमेकांच्या अगदी उलट दिशेला जातात.

आधी थोडं लाकडाबद्दल

लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण घन लाकूड थेट जळत नाही. आधी त्यातलं पाणी उडून जातं. मग तापमान वाढलं की लाकूड फुटून त्यातून वायू बाहेर पडतात. आपल्याला दिसणारी ज्वाळा म्हणजे हे जळणारे वायू. शेवटी उरतो कोळसा, म्हणजे निखारे. लाकडातली निम्म्याहून जास्त ऊर्जा या वायूंमध्ये असते. ते नीट पेटायला साधारण ६०० अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं आणि पुरेशी हवा लागते. दोन्हींपैकी एक जरी कमी पडलं, तर ते वायू न जळताच वर जातात. त्यालाच आपण धूर म्हणतो.

म्हणजे डोळ्यांत जाणारा धूर आणि वाया गेलेलं सरपण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. काटकसर आणि स्वच्छता इथे एकत्र येतात. इंजिनिअरिंगमध्ये असं क्वचितच होतं. एरवी एक मिळवायला दुसरं सोडावं लागतं.

आता उघड्या शेकोटीचा विचार करा. भिंतीतल्या कोनाड्यात ओंडके जळतायत, वर रुंद धुराडं. दिसायला छान. पण तापलेली हवा सरळ धुराड्यातून आकाशात जाते, आणि तिची जागा भरायला दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत ओढली जाते. पुढून चेहरा भाजतो आणि पाठ गारठते.

फिलाडेल्फियाचं उत्तर: लोखंड

अठराव्या शतकात हे परवडेनासं झालं. हिवाळे कडक होते. १७३९-४० चा हिवाळा तर युरोपच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण हिवाळ्यांपैकी एक. आणि गावांच्या आसपासचं जंगल संपत चाललं होतं. अमेरिकेतसुद्धा! फिलाडेल्फियात छापखाना चालवणारा बेंजामिन फ्रँकलिन १७४४ च्या आपल्या पत्रकात हीच तक्रार करतो: जे जळण एके काळी दारात मिळायचं ते आता लांबून आणावं लागतंय.

त्याचा उपाय होता लोखंडी पत्र्यांची पेटी, जी कोनाड्यात बसवायची. आत एक पोकळ कप्पा. त्यातून हवा फिरून तापायची आणि खोलीत यायची. धूर मात्र या कप्प्यावरून मागे जाऊन खाली उतरायचा, फरशीखालून जायचा आणि मग धुराड्यात चढायचा. प्रवास लांबला म्हणजे धुरातली उष्णता लोखंडात उतरणार, हा विचार.

पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने त्याला पेटंट देऊ केलं. फ्रँकलिनने ते नाकारलं. आपण इतरांच्या शोधांचा फायदा घेतो, तर आपला शोधही मोकळेपणाने द्यावा, असं त्याचं म्हणणं. आज याला आपण ओपन सोर्स म्हणू. लंडनच्या एका लोखंडवाल्याने मग त्यात किरकोळ बदल करून स्वतःच्या नावावर पेटंट घेतलं आणि बऱ्यापैकी पैसेही कमावले. ओपन सोर्सवाल्यांना ही गोष्टही ओळखीची वाटेल.

पण खरी गंमत पुढे आहे. फ्रँकलिनची मूळ रचना नीट चालत नव्हती. धूर खाली उतरवायचा तर धुराडं आधीच तापलेलं हवं, म्हणजे ते वरून ओढ देईल. थंड धुराड्यात ओढ नसायची आणि धूर खोलीत परत यायचा. पुढे फिलाडेल्फियातल्याच डेव्हिड रिटनहाऊसने ती उलटी वाट काढून टाकली आणि धुराला सरळ मागे नेऊन वर सोडलं. आज 'फ्रँकलिन स्टोव्ह' या नावाने जे ओळखलं जातं, त्यात फ्रँकलिनची सर्वांत कल्पक गोष्टच शिल्लक नाही.

पण लोखंड टिकलं. ते स्वस्त पडतं, कारखान्यात ओतता येतं, गाडीवर घालून नेता येतं आणि पेटवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत खोली तापवतं. दोष एकच, पण मोठा: आग विझली की लोखंड लगेच थंड होतं.

स्टॉकहोमचं उत्तर: वीट

आता स्वीडनला येऊ. तिथे जंगल भरपूर, मग टंचाई कसली? तर लोखंडाची. स्वीडनची मोठी निर्यात म्हणजे लोखंड, आणि ते वितळवायला लागायचा लाकडी कोळसा. जंगलावर दोन हक्कदार झाले, भट्ट्या आणि घरं. घरांत जळणारा प्रत्येक ओंडका म्हणजे निर्यातीतली तूट.

म्हणून १७६७ मध्ये दोन माणसांवर कमी लाकडात चालणारी भट्टी तयार करण्याचं काम सोपवण्यात आलं: वास्तुविशारद कार्ल योहान क्रोनस्टेड्ट आणि लष्करी अधिकारी फाबियान व्रेडे. टाईल लावलेल्या भट्ट्या युरोपात आधीपासून होत्या. स्वीडिशमध्ये त्यांना 'काकेलुंग्न' म्हणतात; काकेल म्हणजे टाईल आणि उंग्न म्हणजे भट्टी. पण त्यांतूनही धूर बराचसा सरळ वर निघून जायचा.

या जोडीने काय केलं हे समजायला आपला बंब डोळ्यांसमोर आणा. तांब्याचा बंब, मधून नळी, खाली जाळ, भोवती पाणी. नळीतून वर जाणारा गरम वायू वाटेत पाण्याला उष्णता देत जातो. जाळ विझल्यावरही पाणी बराच वेळ कढत राहतं. आता पाण्याच्या जागी वीटकाम घ्या, आणि नळी एकच सरळ न ठेवता पाच करा: धूर मधल्या वाटेने वर चढतो, बाजूच्या वाटांनी खाली उतरतो आणि पुन्हा वर चढून मग धुराड्यात जातो. तेवढ्या प्रवासात त्याची बरीचशी उष्णता विटांत मुरते. वर एक झडप. आग पूर्ण जळून निखारे उरले की झडप लावायची, म्हणजे साठलेली ऊब धुराड्यातून पळत नाही.

फ्रँकलिनच्या रचनेतही धूर खाली उतरत होता, मग इथे ते कसं जमलं? कारण इथे धूर आधी आगीच्या वर तापलेल्या उंच वाटेने चढतो. ओढीची सुरुवात तिथेच होते आणि पुढचा उतार तिला जड जात नाही.

यातलं खरं डोकं वापरण्याच्या पद्धतीत आहे. ही भट्टी दिवसभर पेटती ठेवायची नाही. सकाळी एकदा, फार थंडी असेल तर संध्याकाळी आणखी एकदा, तास-दीड तास भरपूर हवा देऊन जोरात जाळायचं. आग मोकळी असल्यामुळे वायू पूर्ण जळतात. ऊब मात्र खोलीत हळूहळू, बारा-चौदा तास येत राहते.

थोडा हिशोब करू. विटेच्या एका किलोला एक अंशाने तापवायला साधारण ०.८५ किलोज्यूल लागतात. एक टन वीटकाम ६० अंशांनी तापवलं, तर त्यात सुमारे ५१ मेगाज्यूल साठतात, म्हणजे १४ युनिट वीज. ती चौदा तासांत बाहेर पडली, तर खोलीत अखंड एक किलोवॉटचा हीटर चालू असल्यासारखं आहे. आणि टाईलला हात लावला तर भाजत नाही, नुसतं कोमट लागतं.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं, तर निर्मिती आणि वापर यांच्यामध्ये त्यांनी बफर टाकला. आगीला जोरात जळायला आवडतं, माणसाला मंद ऊब आवडते. मध्ये वीट घातली आणि दोघांनाही हवं ते मिळालं.

१७७५ मध्ये ही रचना आकृत्यांसह छापून प्रसिद्ध झाली, कुठल्याही गवंड्याला बघून बांधता यावी अशी. सुरुवातीला त्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात आल्या, सुंदर रंगवलेल्या टाईलच्या. एकोणिसाव्या शतकात टाईल कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या आणि साध्या पांढऱ्या भट्ट्या शहरातल्या सामान्य घरांतही पोचल्या. विसाव्या शतकात रेडिएटर आले आणि त्यांचं काम संपलं. जुन्या इमारतींत कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या भट्ट्या आजही दिसतात.

धोकाही होता. निखाऱ्यांवर निळसर ज्योत खेळत असताना कुणी घाईने झडप लावली, तर कार्बन मोनॉक्साईड खोलीत शिरायचा. त्याला ना रंग, ना वास. ऊब वाचवायच्या नादात माणसं झोपेतच गेली. रचना कितीही चांगली असली, तरी ती वापरणाऱ्याच्या हातात असते.

लोखंडाची परतफेड

मग पुढे काय झालं? जगभर पसरली ती लोखंडी शेगडीच. बांधायला गवंडी नको, घर बदललं तर सोबत नेता येते. आणि तिच्यामुळेच विसाव्या शतकात धुराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत लाकडाच्या शेगड्यांना प्रचंड मागणी आली. त्या घट्ट बंद होणाऱ्या होत्या. लोखंडात ऊब साठत नाही, म्हणून रात्रभर खोली गरम ठेवायला लोक काय करायचे? शेगडी ओंडक्यांनी भरायची आणि हवेची खिडकी जवळजवळ बंद करायची. आग मरत नाही, नुसती धुमसत राहते. तापमान पडतं, वायू जळत नाहीत, धुराड्यात डांबरासारखी काजळी जमते आणि कधीतरी तीच पेट घेते. डोंगरांमधल्या गावांवर हिवाळ्यात धुराची चादर पसरू लागली.

ऑरेगन राज्याने आधी पाऊल उचललं. मग १९८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने देशभर मर्यादा घातली: पुढे साध्या शेगडीला ताशी ७.५ ग्रॅम कण. २०२० पासून ही मर्यादा ताशी २ ग्रॅमवर आली. कंपन्यांनी शेगडीच्या वरच्या भागात बारीक भोकांच्या नळ्या बसवल्या. त्यांतून तापलेली हवा आत येते आणि सुटून चाललेला धूर तिथेच पेटतो. धूर म्हणजे जळण, हे फ्रँकलिनलाही कळलं होतं. उतारवयात त्याने धूर जाळून टाकणाऱ्या शेगडीचं वर्णनही प्रसिद्ध केलं.

पण ताशी २ ग्रॅम हा आकडा प्रयोगशाळेतला असतो. घरात ओलं लाकूड टाकलं की तो कोलमडतो. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं. फोडून, आडोशाला रचून, वर्ष-दोन वर्षं वाळवलं की ते २० टक्क्यांच्या खाली येतं. इंग्लंडने २०२१ पासून ओलं लाकूड किरकोळीत विकायलाच बंदी घातली. नॉर्वेत तर लाकूड रचणं हा राष्ट्रीय चर्चेचा विषय आहे. २०१३ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीने सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. तक्रारी आल्या त्या ओंडके रचताना साल वर हवी की खाली यावरून!

मग लाकूड स्वच्छ आहे का?

सरळ उत्तर देतो. कोरडं लाकूड, भरपूर हवा, छोटी आणि जोरदार आग, आणि ऊब साठवायला वीट किंवा दगड. एवढं असेल तर लाकूड बऱ्यापैकी स्वच्छ जळतं. तरीही चांगल्यात चांगली शेगडी सूक्ष्म कणांच्या बाबतीत हीट पंपाच्या मागेच राहते. विरळ वस्तीच्या, जंगलालगतच्या गावात ती शोभते. दाटीवाटीच्या शहरात प्रत्येक घरात पेटली, तर ऊब आपल्या घरात राहते आणि धूर शेजारच्या छातीत जातो.

आणि हे फक्त थंड देशांपुरतं नाही. आपल्याकडच्या चुलीचंही भौतिकशास्त्र हेच आहे. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. लाखो चुली बांधल्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरी काही वर्षांत मोडल्या किंवा पडून राहिल्या. क्रोनस्टेड्ट आणि व्रेडेची भट्टी दीडशे वर्षं चालली, कारण ती रोजच्या सवयीत बसली: सकाळी जाळा, झडप लावा, कामाला लागा. फ्रँकलिनची मूळ पेटी हुशार होती, पण तिला थंड धुराडं चालत नव्हतं, आणि घरातलं धुराडं रोज सकाळी थंडच असतं. आपल्या चुलींच्या बाबतीतही प्रश्न तोच आहे. पहाटे पाच वाजता, ओलसर सरपण हातात घेऊन, घाईत असलेली बाई ती पेटवणार आहे. तिला ती चालेल का, हे आधी विचारायला हवं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी बंब असेल, तर तो कशावर पेटायचा, करवंट्या की गोवऱ्या, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.