पहुराहून बुलढाण्याला, १८८२

पहुराला एसटीतून उतरा. अजिंठ्याकडे पळणाऱ्या मोटारींकडे पाठ करा. पायाखालचे डांबर जाऊन फुफाटा येतो. साल १८८२. पाचोरा-जामनेरची छोटी आगगाडी यायला अजून पस्तीसेक वर्षे आहेत, तेव्हा बैलगाडीत बसा. जळगावकडे कापूस घेऊन निघालेल्या गाड्यांना वाट देत गाडीवान जामनेरचा रस्ता धरतो. बोदवड मागे पडते, मुंबई इलाखा संपतो, मलकापुरापाशी तुम्ही वऱ्हाडात असता. पुढे राजूरचा घाट चढला की बुलढाणा.

तिथे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतले कारकून बापूजी हरी शिंदे यांचे घर विचारा. ते सत्यशोधक समाजाचे. मुलीला त्यांनी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले. ती मुलगी, ताराबाई, आता तिशी ओलांडलेली. तुम्ही दारात उभे आहात आणि ती मान वर करत नाही, कारण संताप कागदावर उतरतो आहे. सुरतेत विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल आधी फाशीची आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीलाच झोडपायला घेतले. ताराबाई विचारते: जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? बायको मेली की तुम्ही दुसरी आणता, मग विधवेने काय पाप केले? बायकांची चित्रे रंगवणाऱ्या ‘मुक्तामाला’ कादंबरीला आणि ‘मनोरमा’ नाटकालाही ती सोडत नाही. मला तिचे हे सर्वांत मोठे धाडस वाटते. आपल्यावर गोष्टी रचणाऱ्यांनाच तिने जाब विचारला.

आणि हे सारे स्वतःच्या नावाने. तिकडे विलायतेत मेरी अ‍ॅन इव्हान्स दोनच वर्षांपूर्वी वारली, तिच्या कादंबऱ्यांवर शेवटपर्यंत जॉर्ज इलियट हे पुरुषी नाव राहिले. ताराबाईंची ही ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली, किंमत नऊ आणे, प्रती ५००. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून तिच्या बाजूने उभे राहिले. तिचे दुसरे पुस्तक मात्र आले नाही.

आता परत फिरा. वाटेत १९६८ लागेल, श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी हातोहात वाचली जाते आहे. मलाही ती प्रिय आहे, पण तीत आनंदीबाईंची गोष्ट चालते नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या हट्टावर. ताराबाईंचे पुस्तक स. गं. मालशे यांनी पुन्हा छापायला १९७५ उजाडले.

ताराबाईंच्या काळावर कादंबरी लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: नऊवारी, समया, वाडे यांच्या आधी तेव्हाच्या बायकांनी स्वतः लिहिलेले वाचा. त्यांच्या तोंडी मवाळ, सोशिक वाक्ये घालू नका. आणि वाचकहो, तशी कादंबरी उघडण्याआधी ‘स्त्रीपुरुषतुलना’ वाचा, एका बैठकीत वाचून होते.