एक घर, दोन ग्राहक : इस्टेट एजंटची अमानत

कुर्ला, मुंब्रा, भिवंडी असो की पुण्याचा कोंढवा, घर विकायचं ठरलं की आपण मोहल्ल्यातल्या ओळखीच्या एजंटला सांगतो. लिखापढी काही नसते, सगळा कारभार भरवशावर. ग्राहक एकच असेल तोवर हे चालून जातं. एजंटची खरी कसोटी लागते ती दुसरा ग्राहक आल्यावर.

समजा, एका विधवा खालांना फ्लॅट विकून मुलांमध्ये मिरास वाटायची आहे. पहिला ग्राहक ५५ लाख देतो म्हणाला. खाला अजून "हो" म्हणालेल्या नाहीत. दोन दिवसांनी दुसरा ५८ लाखांवर आला. पण तो दुसऱ्या एजंटमार्फत आलाय, म्हणजे कमिशन वाटून घ्यावं लागणार. पहिल्याकडून मात्र दोन्ही बाजूंचं कमिशन एकट्याला मिळणार. एजंट दुसऱ्याचं नावच काढत नाही. पुढे कळल्यावर म्हणतो, "एकाला जबान दिली होती. सौद्यावर सौदा करणं दीनमध्ये मना आहे." म्हणजे वारसांचे ३ लाख गेले आणि वर दीनचा हवालाही मिळाला!

सौद्यावर सौदा म्हणजे नेमकं काय?

आपल्या भावाच्या सौद्यावर सौदा करू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद बुखारी व मुस्लिम या हदीस-संग्रहांत आहे. पण फुकहांनी याचा खुलासा केलेला आहे. ही मनाई विकणारा आणि घेणारा एकमेकांशी राजी झाल्यानंतर लागू होते. त्याआधी अनेकांनी आपापली बोली लावणं जायज आहे. याला 'मुजायदा' म्हणतात. खुद्द प्रेषितांनी (स.) एका गरजू अन्सारी सहाबीची चादर आणि पेला जास्त बोली लावणाऱ्याला विकून दिला, ही हकीकत अबू दाऊद व तिरमिजी यांच्या संग्रहांत येते.

वरच्या उदाहरणात जबान दिली ती एजंटने, खालांनी नव्हे. घर खालांचं, तेव्हा राजी होण्याचा हकही त्यांचाच. म्हणून मालक "हो" म्हणेपर्यंत आलेली प्रत्येक ऑफर त्याच्यापर्यंत पोहोचवणं एजंटवर लाजिम आहे. मालक राजी झाला, टोकन घेतलं, की मग मात्र जास्त पैशांची लालूच दाखवून ठरलेला सौदा मोडायला लावू नये. नवा ग्राहक आलाच तर सौदा ठरल्याचं त्याला साफ सांगावं. पहिला सौदा फिसकटला तर कळवतो, असं सांगून नंबर ठेवून घ्यावा.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये एजंटच्या जबाबदाऱ्या दिलेल्या आहेत. कलम २११ नुसार त्याने मालकाच्या सूचनेप्रमाणे काम करायचं. कलम २१३ नुसार मागितल्यावर हिशेब द्यायचा. मालकाच्या संमतीशिवाय एजंटने स्वतःसाठी व्यवहार केला, उदाहरणार्थ नातेवाइकाच्या नावाने फ्लॅट स्वतःच घेतला आणि ही बाब बेइमानीने लपवली, तर कलम २१५ प्रमाणे मालक तो व्यवहार नाकारू शकतो. असा मधला फायदा मालकाला मागता येतो (कलम २१६). आणि ज्या कामात गैरवर्तन केलं, त्याचा मेहनताना एजंटला मागता येत नाही (कलम २२०).

रेरा कायदा, २०१६ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटला महारेराकडे नोंदणी करावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक विचारून घ्या. जुन्या घराची पुनर्विक्री सहसा रेराच्या कक्षेत येत नाही. तिथे करार कायदा आणि तुमची लिखापढीच कामी येते.

घेणाऱ्याचाही हक आहे

मालकाचा एजंट म्हणजे घेणाऱ्याला फसवायची परवानगी नव्हे. "दुसरी पार्टी ६० द्यायला बसली आहे" असं खोटंच सांगून भाव चढवणं, किंवा घ्यायचं नसताना आपलाच माणूस बोलीत उभा करणं, याला 'नजश' म्हणतात. त्याचीही हदीसमध्ये साफ मनाई आहे. दुसरी ऑफर खरोखर असेल तर "आणखी एक ग्राहक आहे" एवढं मालकाच्या परवानगीने सांगता येईल. पण एकाचा आकडा दुसऱ्याला फोडणं ही खयानत आहे.

आणखी एक गोष्ट. आपलं नाव ऐकून ऑफर मालकापर्यंत जाऊच न देणारे एजंट आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहेत. तेच आपण बिरादरी किंवा मसलक बघून दुसऱ्याशी करू नये.

एजंटने आणि मालकाने काय करावं?

- प्रत्येक ऑफर त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर लिहून कळवावी : रक्कम, टोकन, मुदत.
- नुसता आकडा बघू नये. ५८ लाखवाल्याचं कर्ज मंजूर नसेल आणि ५५ वाल्याकडे पैसे तयार असतील, तर दोन्ही गोष्टी मालकासमोर ठेवाव्यात. फैसला मालकाचा.
- दोन्हीकडून कमिशन घेणार असाल तर दोघांना आधीच सांगावं. ग्राहक नातेवाईक असेल तर तेही सांगावं.
- मालकाने विचारल्याशिवाय टोकन स्वीकारू नये. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त टोकन रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही. चेक किंवा बँक ट्रान्सफर घ्यावा आणि इसार पावती करावी.
- मालकानेही एकदा "हो" म्हटल्यावर भाव वाढवत बसू नये.

दलालीची कमाई मुळात हलाल आहे. मेहनत घेऊन दोघांना एकत्र आणणाऱ्याचा तो मोबदला आहे. मदिनेच्या बाजारात व्यापाऱ्यांना 'समासिरा', म्हणजे दलाल, म्हणत. प्रेषितांनी (स.) त्यांना 'तुज्जार', म्हणजे व्यापारी, असं चांगलं नाव दिलं. खरेदी-विक्रीत फालतू बोलणं आणि कसमा येतात, म्हणून त्यात सदका मिसळत जा, अशी नसीहतही केली. मोहल्ल्यातल्या एजंट भाईंनी ही नसीहत ध्यानात ठेवावी. आणि आपण घर विकायला काढताना पहिल्याच दिवशी एजंटला सांगून ठेवावं : "जितक्या ऑफर येतील, तितक्या सगळ्या मला कळवायच्या."