मावशी कोण होणार?

मागच्या महिन्यात आमच्या रेडिओ गटात एक भांडण झालं, आणि त्यातूनच आजचा विषय निघाला.

आम्हाला आठवडे बाजारातल्या वसुलीवर एक विनोदी बतावणी बसवायची होती. पावती दहाची फाडायची आणि हातात वीस घ्यायचे, हा अनुभव भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या कितीतरी जणींना आहे. विषय ठरला, कुठे हशा येणार तेही ठरलं, आणि भूमिका वाटताना घोडं अडलं. मावशी व्हायला कुणीच तयार होईना. एकीचं म्हणणं, “मावशी म्हणजे तमाशातला साडी नेसलेला बाप्या. पुरुष आपली नक्कल करतो, त्याची नक्कल आपण कशाला करायची?” दुसरी म्हणाली, “मावशी काढली तर उरतं काय? नुसतं भाषण!” दोघींचंही पटत होतं. मग ही मावशी आली कुठून ते शोधायला आम्ही बसलो, आणि शोधता शोधता मुंबईत घाटकोपरला, चिरागनगरच्या वस्तीत जाऊन पोचलो.

पण आधी तमाशाचं सांगतो, कारण आपल्यापैकी कित्येकींच्या आज्यांना तो पाहायची मुभाच नव्हती. पटांगणात ढोलकी वाजायची आणि त्या घरात बसून कान द्यायच्या. सुरुवातीला गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण. राधा आणि तिच्या सख्या दूध, दही, लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या असतात. वाटेत कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या त्यांना अडवतात: कर द्या, मगच पुढे जा. इथे मावशी पुढे होते. ती वयानं मोठी, तोंडानं फटकळ, आणि देवाला देव म्हणून घाबरणारी नव्हे. कसला कर, कुणी बसवला, तू कोण मागणारा, असं ती विचारते. पेंद्या तिची टर उडवतो, ती पेंद्याची उडवते. हे सगळं होतं तेव्हा गवळणी पाठमोऱ्या किंवा पदर घेऊन उभ्या असतात. गौळणीनंतर बतावणी, लावण्या, आणि शेवटी वग, म्हणजे खरं नाटक.

बघा, बाजारला निघालेल्या बाया आणि वाटेवर वसुली. आमची बतावणी शेकडो वर्षं आधीच लिहून झाली होती म्हणायची!

लिहून झाली होती असं आम्ही म्हटलं खरं, पण वग पूर्वी लिहिलेला नसायचाच. फडाचा सरदार खेळाआधी सगळ्यांना जवळ घेऊन कथा सांगायचा. राजा तू, प्रधान तू, शिपाई तू. तू अमुक वेळी यायचं, गाणं इथे पडेल, भांडण तिथे लागेल. बाकी बोलणं ज्याचं त्यानं उभं राहून करायचं. त्यामुळे भूमिकेची चर्चा हाच नाटकाचा लेखी कागद. सोंगाड्या बहुतेक वेळा शिपाई किंवा हवालदार, सगळ्यांत खालच्या पायरीवरचा. पण गावच्या पाटलाला, सावकाराला जे कुणी विचारणार नाही ते तो राजाला विचारून मोकळा व्हायचा. वेड्याचं सोंग घेतलेलं असल्यामुळे त्याला शिक्षा नाही. चांगला सोंगाड्या त्या दिवशी गावात काय घडलं ते कानावर घेऊन रात्री फडात घालायचा.

हे सगळे बोलणारे बराच काळ पुरुषच होते. राधाही पुरुष, मावशीही पुरुष. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा हिवरगावकर उभ्या राहिल्या, त्या तमाशाच्या पहिल्या स्त्री कलावंतांपैकी मानल्या जातात. नंतर राधेला आणि गवळणींना बाया मिळाल्या, मावशी मात्र पुरुषाकडेच राहिली. नाचायला बाई चालली. हसवायला, उलटून बोलायला बाप्याच लागला. आमच्या मते भांडणाचं मूळ इथे आहे.

आता घाटकोपर. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णाभाऊ, १ ऑगस्ट १९२० ला जन्मले. शाळेत टिकले ते जेमतेम दीड दिवस. घरची माणसं वाटेगावहून पायी मुंबईला आली. अण्णाभाऊंनी हमाली केली, फेरीवर माल विकला, गिरणीत काम केलं. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडातही ते वावरले, त्यामुळे सरदार भूमिका कशा वाटतो ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. गिरणगावच्या चाळींपुढे आणि खेड्यांतल्या शेतकरी सभांपुढे हे पथक खेळ करायचं. अण्णाभाऊ लिहायचे आणि भूमिकाही करायचे. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीवजा घरात त्यांची बरीच वर्षं गेली. घाटकोपर मुंबई महापालिकेत आलं तेच १९५० साली. गावाकडून आलेल्या माणसाला जिथे जागा मिळाली तिथे वस्ती झाली.

अण्णाभाऊंनी तमाशाची चौकट ठेवली आणि आतला माल बदलला. गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना, राबणाऱ्या माणसाला वंदन घातलं. कृष्ण आणि गवळणींची शृंगारिक छेडछाड काढून टाकली. आणि हसण्याचा रोख फिरवला. त्यांच्या वगांची नावं वाचली तरी कळतं: ‘शेटजींचं इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘पुढारी मिळाला’, ‘बेकायदेशीर’. जुन्या वगात सोंगाड्या राजाला टोमणा मारायचा, पण राजा गोष्टीतला असायचा. इथे समोर शेट, सावकार, मंत्री, म्हणजे ज्यांना बघणारे रोज पाहत होते असे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा हाच खेळ ‘लोकनाट्य’ या नावानं होऊ लागला. या नावाचं श्रेय पुष्कळजण अण्णाभाऊंना देतात. नुसत्या हसण्याला सरकार घाबरत नाही; कुणावर हसायचं ते माणसांनी ठरवलं की घाबरतं.

एवढं मोठं काम आहे, तरी एक गोष्ट आम्हाला खटकली आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही. गौळण काढली ते समजू शकतो. गवळणीचा पदर ओढून पिकवलेला हशा आपल्याला नकोच होता. पण गौळणीबरोबर बाजाराची ती वाटही गेली, जिथे चार बाया घोळक्यानं उभ्या होत्या आणि एक जण वसुलीचा जाब विचारत होती. गिरणीतला कामगार, शेतकरी, शेट, पुढारी यांची भांडणं झाली ती पुरुषांपुरुषांत.

अण्णाभाऊंना बाई दिसत नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. ‘माझी मैना’ ही छक्कड तर गावाकडे मागे राहिलेल्या बायकोची आठवण घेऊन संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. चिरागनगरच्या दिवसांत त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. ‘फकिरा’ सगळ्यांना ठाऊक आहे, ती १९५९ ची. पण तुमच्या गटात वाचायची तर ‘वैजयंता’ घ्या. ती तमाशातल्या कलावंतिणीची गोष्ट आहे. फडावर नाचणाऱ्या बाईला लोक काय समजतात आणि ती स्वतःला काय समजते, ते तिथे आहे. वगात ज्या बाईला बोलायला जागा झाली नाही, तिला त्यांनी कादंबरीत पुरं पुस्तक दिलं. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. चिरागनगरात त्यांचं स्मारक करायचं सरकारनं जाहीर केलेलं आहे.

बाईनं हसवायचं काम कुणी केलंच नाही का? केलं. ‘गाढवाचं लग्न’ हा वग आठवा. इंद्राच्या शापानं गंधर्व गाढव होऊन सावळ्या कुंभाराच्या दारी येतो आणि माणसासारखा बोलून राजाची मुलगी मागतो. सावळ्या म्हणजे दादू इंदुरीकर, इंदोरीचे अस्सल सोंगाड्ये. आणि त्यांच्यासमोर सावळ्याची बायको गंगी, प्रभा शिवणेकर. दादू आयत्या वेळी काय बोलतील याचा नेम नसायचा, आणि अशा माणसापुढे उभं राहून त्याच्या प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायचं हे सोपं काम नव्हे. गंगी नवऱ्याची टर उडवते, घर तीच चालवते, आणि हशा तिलाही येतो. पुढे कांताबाई सातारकरांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. विठाबाई नारायणगावकरांचं तर सगळ्यांना माहीत आहे: खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, आणि पुन्हा लोकांपुढे उभ्या राहिल्या. लोक ही गोष्ट कौतुकानं सांगतात. आम्हाला ती ऐकताना अंगावर काटा येतो. तेव्हा खेळ थांबवावा, असं कुणालाच का वाटलं नसेल?

तर आमचं भांडण. दोन दिवस हे सगळं वाचून, ऐकून झाल्यावर आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर आजी म्हणाल्या, “मावशी बाप्यानं केली म्हणून ती बाप्याची झाली का? चाळीस वर्षं मी बाजारात बसते. ते बोलणं माझंच आहे, त्यांनी उचललं.” मग त्यांनीच मावशी घेतली. आमची एक अट होती, साडीचा बोंगा करायचा नाही, नेहमी नेसतात तशीच नेसायची. त्यांचीही एक अट होती, बोलणं लिहून द्यायचं नाही. वसुलीवाला कुणी व्हायचं यावर पुन्हा वाद झाला. शेवटी जिला सगळ्यांत जास्त वेळा जादा पैसे द्यावे लागलेत तिनं ती भूमिका मागून घेतली. म्हणाली, तो कसा हात पुढे करतो ते मला पाठ आहे.

ही बतावणी पुढच्या बुधवारी संध्याकाळी लागेल. ऐकून झाल्यावर तुमच्या बाजारात काय चालतं ते गटाच्या बैठकीत बोला आणि आम्हाला कळवा. आजींना नव्या खेळासाठी माल लागणार आहे.